गाठीचा गडू, दुसऱ्या खेपेला

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बाभळीची ओली गाठ (खोडावर फुगून येते ती) आणली आणि गडू करायला उत्साहात त्याच दिवशी लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कोरायच्या यंत्रावर, चढवली. तोंड लहान, पोट मोठं, भिंत 5 मिलिमीटर. एप्रिलचं पुण्यातलं कोरडं ऊन. चौथ्या दिवशी बुडापासून चीर.

गडू करवतीने मधोमध कापला तेव्हा चूक दिसली. भिंत पातळ, पण बूड चांगलं 2 सेंटीमीटर! पातळ भाग आधी सुकून आकसतो, जाड भाग हटून बसतो, मग फाटणारच. अरुंद तोंडातून आतलं काही दिसत नाही, मी नुसत्या अंदाजाने कोरत होतो.

दुसऱ्या गाठीला जाड तार अर्धगोल वाकवून घेतली. एक टोक आत टेकवायचं, दुसऱ्या टोकाचं बाहेरून अंतर बघायचं, म्हणजे भिंतीची जाडी कळते. लेथ थांबवूनच, हे वेगळं सांगायला नको. 20 सेंटीमीटर व्यासाला सगळीकडे, बुडालाही, 2 सेंटीमीटर जाडी ठेवली. आतला कीस दर दोन मिनिटांनी काढला, नाहीतर तो गच्च बसतो आणि पटाशी अडकते.

मग गडू हळूहळू सुकावा म्हणून कागदी पिशवीत, त्याच्याच किसात. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन (बायकोने नवा काटा घेतला, तो भाग वेगळा). जुलैत वजन चक्क वाढलं. काटा बिघडला वाटलं, पण ती पावसाळी हवा होती. दिवाळीनंतर आकडा स्थिरावला, म्हणजे गडू सुकला. गडू थोडा लंबगोल झालेला, पण जाडी होती म्हणून पुन्हा गोल करता आला. सालीच्या फटीत फेव्हिक्विक आणि भुसा भरला.