दोन संगणक केबलने थेट जोडले, तरी ते एकमेकांना दिसत नाहीत तेव्हा

गोव्यातील जुन्या चिरेबंदी घरांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट पोहोचत नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की राउटरही बंद पडतो. चवथीचे सारे फोटो जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर घ्यायचे असतील, तर ईथरनेट केबलने दोन्ही थेट जोडणे हाच मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो. जोडणी झाली नाही, तर तपासणी मात्र केबलपासूनच सुरू करावी. फायरवॉल (बाहेरून येणारा संपर्क अडवणारी विंडोजची व्यवस्था) आणि पासवर्ड यांची पाळी नंतर येते.

पोर्टशेजारचा बारीक दिवा दोन्ही बाजूंना लागला आहे का, हे प्रथम पाहावे. तो लागला नसेल, तर विंडोजमधील कोणत्याही बदलाचा उपयोग होणार नाही. आमच्या घरी दोन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या केबलच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत असे घडते, म्हणून केबल आधी बदलून पाहावी. दोन्ही संगणक फार जुने, १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट वेगाचे) असतील, तर क्रॉस केबल, म्हणजे एका टोकाला तारांची अदलाबदल केलेली केबल, लागू शकते. गिगाबिट, म्हणजे त्याच्या दहापट वेगाचे पोर्ट असल्यास साधी केबल चालते. गिगाबिट वेगासाठी तारांच्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटलेली केबल कधी कधी चालते, पण पंधरा मिनिटांत जाणारा १०० जीबीचा साठा अडीच तास घेतो.

दिवा लागला की आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा क्रमांक, पाहावा. मध्ये राउटर नसल्यामुळे पत्ता वाटणारे कोणी नसते, आणि विंडोज थोडा वेळ थांबून १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेते. अनेकांना हा बिघाड वाटतो, पण दोन्हीकडे असाच पत्ता असेल तर संपर्क होऊ शकतो. अडचण येते ती एका बाजूला जुना, हाताने भरलेला पत्ता राहून गेल्यास. मी स्वतः एका संगणकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ आणि दोघांना २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क (पत्त्याचा किती भाग दोघांचा समान आहे हे सांगणारा आकडा) देतो. गेटवेची (बाहेरच्या नेटवर्ककडे नेणाऱ्या राउटरच्या पत्त्याची) जागा रिकामी ठेवावी, आणि घरातील वायफायची मालिका, जी बहुधा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ असते, इथे वापरू नये.

आता पिंग करावे, म्हणजे ping ही आज्ञा देऊन समोरचा संगणक उत्तर देतो का ते पाहावे, परंतु उत्तर आले नाही म्हणून लगेच केबलला दोष देऊ नये. अनोळखी जोडणीला विंडोज सार्वजनिक नेटवर्क मानते आणि तिचा फायरवॉल पिंग अडवतो. समोरचा संगणक पोहोचण्याजोगा नाही असा संदेश आला, तर दोष बहुधा केबलमध्ये किंवा पत्त्यात असतो. नुसती वेळ संपल्याचा संदेश आला, तर संशय फायरवॉलवर घ्यावा. फायरवॉल पूर्ण बंद करण्याची गरज नाही. त्यातील ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला सार्वजनिक नेटवर्कसाठी तात्पुरती परवानगी द्यावी आणि काम होताच ती काढून घ्यावी.

शेवटचा अडथळा पासवर्डचा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक वेळ तिथेच जातो. समोरच्या संगणकावर ज्या खात्याने शिरायचे, त्याला पासवर्ड असावाच लागतो. रिकामा पासवर्ड विंडोज नेटवर्कवरून स्वीकारत नाही, आणि चार आकडी पिन इथे चालत नाही. फोल्डर शेअर करताना शेअरिंग आणि सिक्युरिटी या दोन्ही ठिकाणी त्या खात्याला परवानगी द्यावी. संगणकाचे नाव सापडत नसेल, तर फाइल एक्सप्लोररमध्ये दोन उलट्या तिरक्या रेघांपुढे त्याचा पत्ता टंकावा.

फोटो उतरवून झाले की दोन्हीकडचा पत्ता पुन्हा ‘आपोआप’वर ठेवावा, नाहीतर पुढे तोच लॅपटॉप केबलने राउटरला जोडल्यावर इंटरनेट मिळणार नाही.