माकडांच्या टेंपरेचरच्या पद्धती कम्पेअर करताय? आधी घड्याळ बघा

ऱ्हीसस माकडांवर टेंपरेचर मोजायच्या पद्धती, म्हणजे रेक्टल (गुदद्वारातून), मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली), इन्फ्रारेड (लांबून कॅमेऱ्याने), टेलिमेट्री (शरीरात बसवलेला, वायरशिवाय आकडे पाठवणारा सेन्सर) यातलं काहीतरी पडताळायचं काम ज्यांच्याकडे नुकतंच आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. यंत्रं कशी चालतात ते तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही.

माझे कित्येक महिने जिथे गेले ते सांगते. केटामाइन (बेशुद्ध करायचं इंजेक्शन) दिलं की माकडाचं टेंपरेचर उतरायला लागतं आणि उतरतच राहतं, कारण शरीर स्वतःला गरम ठेवायची धडपड कमी करतं, हालचाल बंद, वर टेबल गार. आता तुम्ही दर वेळी आधी चिप स्कॅन करता, मग कॅमेरा, मग सगळ्यात शेवटी रेक्टल. चिप कातडीखाली असल्यामुळे ती बहुतेकदा मुळातच कमी दाखवते, आणि रेक्टल घेईपर्यंत तेही खाली आलेलं असतं, त्यामुळे दोन्ही आकडे मस्त जुळतात आणि आपण खूश! पण जुळलेल्या नसतात पद्धती, मधली मिनिटं फरक खाऊन टाकतात. उलट्या क्रमाने घेतलं तर तोच फरक फुगतो. म्हणून इंजेक्शनची वेळ लिहा, प्रत्येक रीडिंगची वेळ लिहा, क्रम रँडम ठेवा, आणि पहिली पद्धत शेवटी परत एकदा घ्या म्हणजे मधे किती उतरलं ते समोर दिसतं. रेक्टल प्रोबवर टेपने खूण करा, दर वेळी तेवढाच आत. हे नसेल तर डेटा वाया जातो, स्पष्टच सांगते.

बेशुद्ध न करता धरून घ्याल तर उलटं, घाबरून टेंपरेचर चढतं. टेलिमेट्रीत हा त्रास नाही पण सर्जरी आहे. इन्फ्रारेडला केस, अंतर, कोन सगळं आड येतं आणि शेवटी ते कातडीचंच माप.

कोरिलेशनवर जाऊ नका. दिवसा जास्त, रात्री कमी असा एखाद डिग्रीचा झोका माकडात असतोच, त्यावरच आर (कोरिलेशनचा आकडा) छान येतो. ब्लँड-ऑल्टमन (दोन पद्धतींमधला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडणारा प्लॉट) १९८० च्या दशकापासून आहे, तोच काढा, आणि एकाच माकडाची दहा रीडिंग म्हणजे दहा माकडं नव्हेत हे ॲनालिसिसमध्ये धरा.

सीनियर म्हणतील चिपच्या आकड्यात ०.५ ॲड करून टाक, कशाला एवढं. माझं मत, अजिबात करू नका, तो फरक खोलीच्या तापमानाप्रमाणे बदलतो. त्यापेक्षा रोज खायला घालणाऱ्या अटेंडंटच्या मागे लागा, कुठलं माकड आज गप्प आहे ते स्कॅनरच्या आधी त्यांना कळतं.

सुरुवातीला आकडे वेडेवाकडे येतील, येऊ द्यात, सगळ्यांचे येतात. खाऊच्या बदल्यात जाळीला पाठ लावून बसायला शिकलेलं माकड असेल तर चिप शांतपणे, औषधाशिवाय वाचता येते, तेव्हा प्लॅनमध्ये ट्रेनिंगचे आठवडे आधीच धरून ठेवा.