ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरी बदलताना या चुका टाळा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल बदलणे म्हणजे इंजिन ऑइल बदलण्यासारखेच, फक्त बोल्ट वेगळा, असे समजून जे कामाला हात घालतात त्यांचेच काम बहुधा बिघडते. इंजिनमध्ये ऑइल थोडे कमी-जास्त झाले तरी सहसा निभावून जाते. गिअरबॉक्समधले ऑइल मात्र वंगणाचे काम करते, उष्णता वाहून नेते, पंपाच्या दाबाने क्लच आवळते, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद पुढे पोचवते, आणि क्लच प्लेट किती सरकू द्यायच्या व केव्हा घट्ट धरायच्या हेही त्यातल्या रसायनांवरच ठरते. एवढी कामे एकाच द्रवावर सोपवलेली असल्याने ऑइलचा प्रकार किंवा त्याची पातळी चुकली, तर सुरळीत चालणारा गिअरबॉक्स ऑइल बदललेल्या दिवशीच तक्रार करू लागतो. माझ्या मते अशा बहुतेक तक्रारी शेवटच्या अर्ध्या तासात, पातळी मोजताना केलेल्या घाईतून येतात. त्या टप्प्याकडे पुढे सविस्तर येऊच. त्याआधीच्या चुकाही कमी महागड्या नाहीत.

गिअरबॉक्स कोणता, हेच न पाहणे

गाडीला क्लच पेडल नाही एवढ्यावरून आत काय आहे ते कळत नाही. टॉर्क कन्व्हर्टर असलेला पारंपरिक ऑटोमॅटिक, पुली आणि पट्ट्यावर चालणारा सीव्हीटी, दोन क्लचचा डीसीटी आणि मॅन्युअल गिअरबॉक्सवर यांत्रिक हात बसवलेला एएमटी हे चार वेगळे प्रकार असून प्रत्येकाचे ऑइल वेगळे असते. सीव्हीटीमधल्या धातूच्या पट्ट्याला पुलीवर विशिष्ट पकड लागते. तिथे साधे एटीएफ, म्हणजे पारंपरिक ऑटोमॅटिकचे ऑइल, ओतल्यास पट्टा घसरतो, पुलीच्या पृष्ठभागावर चरे पडतात, आणि ते नुकसान पुन्हा योग्य ऑइल भरूनही भरून निघत नाही. एएमटीला तर या लेखातली पद्धत लागूच होत नाही.

पारंपरिक ऑटोमॅटिकमध्येही एटीएफ म्हणजे एकच पदार्थ नव्हे. डेक्स्रॉन-६ हे डेक्स्रॉन-३ पेक्षा पातळ आहे. टोयोटाचे डब्ल्यूएस, होंडाचे डीडब्ल्यू-१, फोर्डचे मरकॉन एलव्ही, ह्युंदाई-कियाचे एसपी-४ यांचे घर्षणगुण आपापल्या क्लचसाठी ठरवलेले आहेत. रंगावरून निवड करू नये, कारण लाल रंग हा केवळ ओळखीसाठी घातलेला असतो. गाडीच्या पुस्तिकेत, काही गाड्यांत डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजायच्या काडीच्या) मुठीवर, जे नाव छापले आहे तेच घ्यावे. सर्व गाड्यांसाठी चालणारे म्हणून विकले जाणारे ऑइल वापरायचेच असेल, तर डब्यावर आपल्या गाडीला लागणाऱ्या मानकाचे नाव नेमके कोणत्या शब्दांत दिले आहे ते वाचावे. उत्पादकाची मान्यता मिळालेली असणे वेगळे आणि विक्रेत्याने ते आपल्या मते योग्य ठरवणे वेगळे.

‘फ्लश’चा हट्ट

ड्रेन बोल्ट काढल्यावर सगळे ऑइल बाहेर येत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, व्हॉल्व्ह बॉडीच्या (ऑइलचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागाच्या) वाटांमध्ये आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्यांमध्ये अडकून राहते. समजा, एकूण क्षमता ८ लिटर आहे आणि बोल्टमधून ३.५ लिटर निघाले. पहिल्या बदलानंतर सुमारे ५६ टक्के जुने ऑइल आत उरते, मधे थोडी गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलले की सुमारे ३२ टक्के, आणि तिसऱ्यांदा बदलल्यावर सुमारे १८ टक्के. हा हिशेब पाहून अनेकांना पद्धत अपुरी वाटते आणि ते ‘फ्लश’च्या, म्हणजे दाबाने ऑइल ढकलणाऱ्या यंत्राच्या किंवा आत ओतायच्या सफाईच्या रसायनाच्या मागे लागतात. घरच्या कामासाठी दोन-तीन वेळा काढून भरण्याची पद्धतच योग्य, असे माझे मत आहे. त्यात ऑइल थोडे जास्त खर्च होते, पण जोखीम फार कमी असते. सफाईचे रसायन तर टाळावेच, कारण ते आत नेमके किती उरले आणि त्याने नव्या ऑइलचे गुण किती पातळ केले, हे घरी तपासता येत नाही.

कूलरची परतीची नळी सुटी करून इंजिन चालू करायचे आणि जुने ऑइल बादलीत घेत नवे भरत जायचे, ही दुसरी प्रचलित पद्धत. ती चांगली आहे, पण तिला दोन माणसे लागतात आणि शिस्त लागते. एकदा इंजिन चालू केल्यावर पंप फार थोड्या वेळात एक-दोन लिटर बाहेर फेकतो. बादलीत लिटर-दीड लिटर जमले की इंजिन बंद करावे, तेवढेच नवे ऑइल भरावे आणि मगच पुन्हा चालू करावे. नळीतून बुडबुडे येऊ लागेपर्यंत इंजिन चालू ठेवणे ही इथली मोठी चूक आहे, कारण बुडबुडे दिसतात तेव्हा पंप हवा ओढू लागलेला असतो आणि आतले भाग कोरडे फिरत असतात.

इथेच जुन्या गाड्यांबद्दलच्या एका समजुतीचा विचार करायला हवा: ऑइल कधीच बदलले नसेल तर आता हात लावू नये, नाहीतर गिअरबॉक्स जातो. ज्या गिअरबॉक्समध्ये क्लच आधीच घसरत आहेत, त्याचे ऑइल लोक शेवटचा उपाय म्हणून बदलतात आणि नंतर तो बंद पडला की दोष नव्या ऑइलला देतात. गिअर व्यवस्थित पडत असतील तर उशिरा का होईना, पण टप्प्याटप्प्याने ऑइल बदलणे हिताचे आहे. गिअर घसरत असतील, ऑइल काळपट होऊन त्याला जळका वास येत असेल, तर घरी ऑइल बदलण्यावर खर्च करण्याआधी गिअरबॉक्सची तपासणी करून घ्यावी. ‘आयुष्यभराचे ऑइल’ या दाव्यावरही विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा ऑइल बदलण्याची शिफारस करते.

चुकीचा बोल्ट आणि चुकीचा क्रम

ड्रेन बोल्ट उघडण्याआधी भरण्याचा बोल्ट सैल होतो की नाही हे पाहिलेच पाहिजे. भरण्याचा बोल्ट गंजून बसला असेल किंवा त्याच्या कडा झिजल्या असतील आणि हे जुने ऑइल काढून टाकल्यावर लक्षात आले, तर गाडी जागची हलवता येत नाही. काही गाड्यांत, विशेषतः सुबारूमध्ये, इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) यांचे ड्रेन बोल्ट जवळजवळ असतात. चुकीचा बोल्ट उघडून गिअरबॉक्स रिकामा करायचा आणि वर इंजिनमध्ये आणखी ऑइल ओतायचे, हा प्रकार तिथे नेहमीचा आहे. बाहेर येणाऱ्या ऑइलचा रंग अपेक्षेपेक्षा वेगळा दिसला तर तिथेच थांबावे.

गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली जाऊ नये. ती स्टँडवर टेकवावी. चारही बाजूंनी सारखी उचलावी, कारण पुढून उचललेल्या गाडीत पातळीचे माप खोटे येते. लांबच्या फेरीनंतर लगेच बोल्ट उघडू नये, कारण ८०-९० अंशांचे ऑइल हातावर आले तर भाजते. कोमट असताना काढावे. निघालेले सगळे ऑइल खुणा असलेल्या भांड्यात मोजून ठेवावे. भरताना तेवढेच भरणे ही चांगली सुरुवात आहे. आधीची पातळीच कमी असेल तर तीच चूक पुढे चालू राहील, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे.

ऑइल पॅन, फिल्टर आणि चुंबक

पॅन उघडल्यावर आतल्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप दिसतो आणि तो पाहून पुष्कळजण घाबरतात. तो लेप बोटांच्या चिमटीत चोळून पाहावा. गुळगुळीत, कण न लागणारा असेल तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे चकाकते तुकडे किंवा धातूच्या पापुद्र्या निघाल्या, तर ऑइल बदलून प्रश्न सुटणार नाही.

फिल्टर बदलताना जुन्याची रबरी सील वरच्या भोकात चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच दाबून बसवला जातो. मग फिल्टर नीट बसत नाही आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. पॅन पुसायला धागे सुटणारे फडके वापरू नये, कारण व्हॉल्व्ह बॉडीतल्या फटी इतक्या बारीक असतात की एक धागाही व्हॉल्व्ह अडकवू शकतो. गॅस्केटच्या जोडीला सीलंटचा जाड थर लावण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी. आतल्या बाजूला दाबले गेलेले सीलंट सुटून ऑइलबरोबर फिरू लागते. पॅनचे बोल्ट लहान असतात आणि बहुतेक गाड्यांत त्यांना १० न्यूटन-मीटरच्या आसपासच ताकद लागते. जोर लावून आवळले की पत्र्याची कड वाकते आणि ज्या गळतीच्या भीतीने आवळले तीच सुरू होते. ड्रेन बोल्टचा वॉशर दरवेळी नवा घालावा.

पातळी: सर्वांत जास्त चुका इथे होतात

ऑइल तापले की फुगते. आठ लिटर ऑइल ६० अंशांनी तापल्यास त्याचे आकारमान साधारण तीन-साडेतीनशे मिलिलिटरने वाढते, म्हणून कोणत्या तापमानाला मोजले हे न सांगता पातळी बरोबर आहे असे म्हणण्याला अर्थ नाही. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत माप घेण्याची रीत अशी असते: गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबत पुन्हा पार्कवर यायचे आणि इंजिन चालू ठेवूनच काडी काढायची. सगळ्याच उत्पादकांची रीत ही नसते. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर साधारण ६० ते ९० सेकंदांच्या आत माप घ्यायचे असते, तर काही गाड्यांत ते न्यूट्रलमध्ये घ्यायचे असते. नुकतेच ऑइल ओतले असेल तर नळीच्या भिंतीला लागलेले ऑइल काडीला माखते आणि पातळी जास्त दिसते. काडीच्या दोन्ही बाजू पाहाव्यात आणि कमी दाखवणारी बाजू खरी धरावी. कमी वाटल्यास एका वेळी दोनशे मिलिलिटरच घालावे. घालणे सोपे असते, जास्त झालेले काढणे कटकटीचे.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत खालच्या तपासणी बोल्टमधून जादा ऑइल वाहू देऊन पातळी ठरवतात. यासाठी ऑइलचे तापमान उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असावे लागते. ही मर्यादा पुष्कळ गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते, म्हणजे गाडी थंड असतानाच काम सुरू करायचे. तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी उपकरणावर, पाहावे. पॅनवर रोखलेला इन्फ्रारेड तापमापक चकचकीत ॲल्युमिनियमवर खरे तापमान दाखवत नाही, बहुधा कमीच दाखवतो. इंजिन चालू असताना बोल्ट काढला की आधी धार लागते, ती बारीक होत जाते, मग तुटते आणि थेंब पडू लागतात. धार तुटून थेंब सुरू झाले की बोल्ट लावायचा. काहीच आले नाही तर पातळी कमी आहे. इंजिन चालू ठेवूनच वरून भरत राहावे. बोल्ट उघडा असताना इंजिन बंद करणे ही इथली ठळक चूक आहे, कारण पंप थांबताच वरच्या भागांत फिरत असलेले ऑइल पॅनमध्ये उतरते आणि भोकातून भळाभळा वाहून जाते.

काही गाड्यांत याच भोकात एक उभी पोकळ नळी असते आणि तिच्या टोकाची उंची हीच पातळी. नुसता बोल्ट काढून थोडेसे ऑइल आले म्हणून गिअरबॉक्स रिकामा झाला असे समजणे चुकीचे. पूर्ण रिकामा करण्यासाठी ती नळी ॲलन की लावून काढावी लागते. ती परत बसवायची राहिली तर भोक पॅनच्या तळाशीच उघडे राहते आणि पातळी तपासताना गिअरबॉक्स जवळपास रिकामा होईपर्यंत धार चालूच राहते. धार थांबतच नसेल तर आधी ही नळी आठवावी.

काम झाल्यावर काही बिनसले तर

ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी उशिराने ओढ घेत असेल, वळणावर गिअर घसरत असेल किंवा वेगाबरोबर चढणारी घूं-घूं ऐकू येत असेल, तर सर्वांत आधी पातळी कमी असल्याचा संशय घ्यावा. काडीवर बुडबुडे आणि फेस दिसत असेल, हवेच्या नळीतून ऑइल बाहेर उडत असेल, तर ते जास्त झाले आहे. फिरणारे भाग त्यात बुडून ते घुसळतात, आणि हवा मिसळलेल्या ऑइलने क्लचवर पुरेसा दाब येत नाही. म्हणजे घसरणे ही तक्रार पातळी कमी असताना येते तशी जास्त असतानाही येते, त्यामुळे न मोजता अंदाजाने आणखी ओतू नये. स्थिर वेगात रस्त्यावरच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर ऑइलचा प्रकार चुकला आहे का ते तपासावे.

पहिल्या काही दिवसांत गिअर बदलताना थोडे वेगळे वाटणे साहजिक आहे. काही गाड्यांत संगणकाला जुन्या ऑइलप्रमाणे लागलेली सवय स्कॅनरने पुसावी लागते, काहींत ती चालवता चालवता बदलते. ऑइल दुधाळ गुलाबी दिसू लागले तर मात्र वाट पाहू नये, कारण रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी किंवा कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलेले असते, आणि पाण्याने क्लच प्लेटवरचे अस्तर सुटते. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत न नेता उचलूनच न्यावी.