मृगातला स्फोट फोटोत कसा ओळखायचा

मृग नक्षत्र शोधता येत असेल तर अर्धं काम झालंच. पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्याच्या जरा खाली दुर्बिणीतून धुरकट ढग दिसतो तो एम 42. पण आपल्याला हवी ती स्फोटाची जागा, तिचं नाव बीएन-केएल, या ढगाच्या मागे धुळीत दडलीय, साधारण 1350 प्रकाशवर्षांवर, त्यामुळे डोळ्याने काहीच दिसणार नाही, इन्फ्रारेड फोटोच लागतो. ईएसएस्काय ही फुकट साइट उघडा, एम 42 शोधा आणि जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा फोटो लावा (2023 मधे आला, फार भारी आहे). मधल्या चार तेजस्वी ताऱ्यांच्या वायव्येला झूम करत जा, पंजा पसरल्यासारखी लाल बोटं दिसतील. तो तापलेला हायड्रोजन वायू.

आता यात विचित्र काय? नेहमी काय होतं की जन्मणारा तारा भोवतीच्या चकतीतून वायू खातो आणि थोडा दोन ध्रुवांकडून बाहेर फेकतो, म्हणजे दोन भुईनळे पाठीला पाठ लावून पेटवल्यासारखं, एक झोत आपल्याकडे येणारा, दुसरा लांब जाणारा. इथे मात्र आकाशात शॉट फुटल्यासारखं चहूबाजूंना उडालंय.

पण नुसत्या आकारावर जाऊ नका, मीही आधी तिथेच फसलो होतो. दुहेरी झोत नेमका आपल्याकडे तोंड करून असेल तर तोही गोल पसरल्यासारखा वाटतो आणि येणारा-जाणारा वायू एकमेकांवर चढलेला दिसतो. म्हणून चिलीतल्या आल्मा दुर्बिणीचं 2017 चं कार्बन मोनॉक्साइडचं चित्र शेजारी उघडा, त्यात वायूच्या सरळ रेघा आहेत. एकेक रेघ मागे वाढवत न्या, सगळ्या जवळपास एकाच बिंदूत येतात का बघा, आणि जितकं लांब तितका वेग जास्त आहे का तेही बघा. दोन्ही जमलं तर सगळा माल एकदमच सुटलाय, म्हणजे स्फोटच.

आता खरी मजा, त्या बिंदूवर बघा, तारा नाहीच! बीएन, सोर्स आय आणि सोर्स एक्स हे तारे तिथूनच वेगवेगळ्या दिशांना पळतायत. मोठे तारे एकमेकांच्या फार जवळ आले आणि त्या झटापटीत तारेही उडाले, वायूही, असं मानतात.

कधी झालं ते तोंडी काढता येतं. वेगवान वायू सेकंदाला 300 किमीच्या आसपास, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग, आणि तो केंद्रापासून साधारण अर्धा प्रकाशवर्ष गेलाय, म्हणजे 500 वर्षं (आपल्याला दिसतंय त्या क्षणाच्या आधीची हां, प्रकाशाला इथे यायला लागलेली 1350 वेगळी).

हात बसला की हंस तारकासमूहातल्या डीआर21 या तारे जन्मणाऱ्या ढगावर हेच करून बघा, तिथेही अशाच रेघा सापडल्यात.