जर्मनीत नव्याने आलात? आधी चर्चच्या सणांचं कॅलेंडर समजून घ्या

जर्मनीतल्या बहुतेक सार्वजनिक सुट्ट्या चर्चच्या सणांच्या आहेत, आणि सुट्टी म्हणजे इथे दुकानं खरोखर बंद. सुपरमार्केट, औषधांचं दुकान, हार्डवेअर, सगळंच. पेट्रोल पंपावरचं आणि मोठ्या स्टेशनातलं दुकान तेवढं उघडं असतं, तेही महाग.

कुठली सुट्टी मिळणार हे राज्यावर ठरतं. राहता त्या नव्हे, काम करता त्या. माइंझ आणि वीसबाडेन ऱ्हाइनच्या दोन काठांवर आहेत, पण १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणाला, माइंझ बंद आणि वीसबाडेन चालू. उत्तर आणि पूर्वेकडच्या नऊ राज्यांत त्याऐवजी ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या सुरुवातीची आठवण, असतो. बर्लिनला दोन्ही नाहीत. सण रविवारी आला तर बदली सुट्टी मिळत नाही, त्यासाठी एचआरला मेल टाकू नका.

वर्षाचं अर्धं गणित ईस्टरवर बसलेलं आहे. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल अशी सरकते. पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, त्यामुळे आपल्या पंचांगाशी ती कधी कधी जुळत नाही. ईस्टर एकदा कळला की बाकीचं बोटावर मोजा: दोन दिवस आधी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), दुसऱ्या दिवशी ईस्टर सोमवार, ३९ दिवसांनी येशूचं स्वर्गारोहण, ५० दिवसांनी पेंटेकॉस्टचा (पवित्र आत्म्याच्या सणाचा) सोमवार. हे चार देशभर. ६० दिवसांनी फ्रोनलाइशनाम, म्हणजे ख्रिस्तशरीराचा कॅथलिक सण, तो मुख्यतः दक्षिणेत आणि पश्चिमेत. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे स्वर्गारोहण ६ मे, गुरुवार. शुक्रवारची एक रजा टाकली की सलग चार दिवस मिळतात. पण ती जानेवारीतच मागा, सहकाऱ्यांचाही त्याच दिवसावर डोळा असतो.

ईस्टरच्या चार दिवसांत दुकानं फक्त शनिवारी उघडतात आणि तेव्हा रांगा दारापर्यंत असतात. दूध, दही, भाजी गुरुवारी सकाळीच आणा. नेहमीची औषधं आठवडाभर आधी भरून ठेवा. अडलंच तर पाळीवर असलेली आपोथेके, म्हणजे औषधांचं दुकान, उघडी असते, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी २.५० युरो जादा लागतात. तातडीचं पण जिवावरचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७ ला फोन करा, जिवावरचं असेल तर ११२ ला.

काही दिवस ‘श्टिल’, म्हणजे शांततेचे असतात, आणि मराठी मंडळांची गल्लत नेमकी इथे होते. उत्तम शुक्रवारी नाचगाण्याच्या सार्वजनिक कार्यक्रमांना जवळपास सगळीकडे बंदी असते, त्यामुळे गुढीपाडव्याच्या लेझीमसाठी तो दिवस सोडाच. नोव्हेंबरमधले दोन रविवार तसेच: फोल्क्सट्रावरटाग (युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा) आणि टोटनझोन्टाग (मृतांच्या स्मरणाचा). २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि हे रविवार १५ आणि २२ नोव्हेंबरला. दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी १४ ला घेतलात तर मध्यरात्रीनंतर तो शांततेच्या दिवसात शिरतो. वेळांचे नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून हॉलची अनामत भरण्याआधी ऑर्डनुंग्सआम्टला, म्हणजे पालिकेच्या सार्वजनिक सुव्यवस्था कार्यालयाला, विचारा. घरीसुद्धा रविवारी आणि सुट्टीला ड्रिल नको, आणि रिकाम्या काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकणंही नको.

मुलं किटामध्ये, म्हणजे बालवाडीत, असतील तर ११ नोव्हेंबरच्या आसपास सेंट मार्टिनची कंदील मिरवणूक येते. आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला देणारा हा संत. पुष्कळ ठिकाणी तो खऱ्या घोड्यावर बसून पुढे असतो. कंदील पालकांनी मुलांसोबत करायचा असतो. दिव्याची काठी वेगळी घ्यावी लागते, नव्या बॅटऱ्या घाला आणि कंदिलाच्या तारेची गाठ पक्की करा, कारण पाऊस आणि वारा हमखास असतो. ५ डिसेंबरच्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवायचे. सकाळी त्यात संत निकोलाउसने (म्हणजे तुम्ही) ठेवलेले अक्रोड, संत्री, चॉकलेट. हे तुम्ही विसरलात तर मुलाला शाळेत सांगायला काही उरत नाही.

नाताळाआधीच्या चार रविवारी आडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाच्या वाट पाहण्याच्या काळातल्या, हिरव्या फांद्यांच्या गोल चक्रावर एकेक मेणबत्ती वाढवत लावतात. पहिली चारही रविवारी जळते म्हणून ती सर्वांत आखूड होते. चौथ्या आठवड्यापर्यंत फांद्या कोरड्याठाक होतात. मेणबत्ती दोन बोटं उरली की बदला आणि ती पेटती ठेवून खोली सोडू नका.

२४ डिसेंबर कायद्याने सुट्टी नाही, पण दुकानं दुपारी दोनच्या आत मिटतात आणि संध्याकाळी बस-ट्राम तुरळक होतात. त्यानंतर २५ आणि २६ पूर्ण बंद. २४ च्या संध्याकाळी कोणी घरी बोलावलं तर तो खरा मान आहे, जरूर जा. जेवण बहुधा बटाट्याचं सॅलड आणि सॉसेज. शाकाहारी असाल तर आमंत्रण स्वीकारतानाच सांगा. चर्चमध्ये कोणीही जाऊ शकतं, अर्धा तास आधी जा. कॅथलिक मिस्सात, म्हणजे उपासनेत, ख्रिस्तप्रसाद (वेदीपाशी देतात ती पवित्र भाकर) कॅथलिकांसाठीच असतो. इतरांनी जागेवर बसून राहिलं तरी चालतं.

६ जानेवारीच्या आसपास बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या पोशाखातली मुलं दानपेटी घेऊन दाराशी येतात आणि चौकटीवर खडूने वर्ष आणि तीन अक्षरं लिहितात. तो घराला दिलेला आशीर्वाद आहे, पुसू नका.

वसईहून किंवा इतर कुठून आलेल्या ख्रिस्ती मंडळींसाठी एक महत्त्वाचं: पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात कॅथलिक किंवा इव्हान्गेलिश (प्रॉटेस्टंट) लिहिलंत की चर्च कर सुरू होतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. भरायचा की नाही हे घरात बोलून, नोंदणीच्या कार्यालयात जाण्याआधीच ठरवा.