सीएचा अटेम्प्ट देऊन झाल्यावर काय लिहून ठेवावं

पेपर कसा गेला असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, एक तर ‘बरा गेला’, नाही तर ‘वाट लागली’. पुढच्या अटेम्प्टला यातलं काहीच कामाला येत नाही. गुण कुठे आणि कशामुळे सुटले, हे परीक्षा ताजी असतानाच कागदावर यायला हवं. निकाल लागला की आठवणीही त्या आकड्याप्रमाणे बदलतात. पास झालेल्याला आपलं सगळं बरोबर होतं असं वाटतं, नापास झालेल्याला सगळंच चुकलं असं.

पहिली नोंद पेपरच्याच संध्याकाळी करा. वाशीच्या सेंटरवरून ठाण्याला परतताना ट्रान्सहार्बर लोकलमध्ये अर्धा तास मिळतो, तेवढा पुरतो. लिहायला जागा नसेल तर फोनवर व्हॉइस नोट करा. नोंदवायचं एवढंच: पावणेदोन ते दोन या वाचनाच्या १५ मिनिटांत काय केलं, प्रश्न कोणत्या क्रमाने घेतले, किती गुणांचं लिहायचं राहिलं आणि घाई किती वाजता सुरू झाली. उत्तर बरोबर की चूक हे आज तपासायचं नाही. गेटबाहेरची चर्चा आणि टेलिग्रामवर फिरणारी उत्तरं टाळा. ती बऱ्याचदा घाईत तयार केलेली असतात, आणि चूक कळली तरी गेलेला पेपर परत येत नाही, पुढच्या पेपरची रात्र मात्र वाया जाते.

शेवटच्या पेपरनंतर चार-पाच दिवस काहीच करू नका. झोप घ्या, तलावपाळीला फेरी मारा. मग प्रश्नपत्रिका घेऊन दोन तास अभ्यासिकेत बसा आणि सुटलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा. कारणं चारच प्रकारची असतात: विषयच येत नव्हता, येत होता पण आठवला नाही, आठवला पण नीट मांडता आला नाही, किंवा वेळ संपला. ‘अभ्यास कमी पडला’ हे कारण लिहायला बंदी. ते सगळ्यालाच लागू पडतं, म्हणून त्यातून काहीच ठरत नाही.

या चारांत सर्वात जास्त फसवतो तो वेळ. १०० गुणांना १८० मिनिटं, म्हणजे एका गुणाला १.८ मिनिटं. १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण २५ मिनिटं मिळतात. पहिल्याच प्रश्नाला ४० मिनिटं दिली, तर शेवटच्या प्रश्नाची १५ मिनिटं तिथेच गेली. कागदावर मात्र ‘शेवटचा प्रश्न राहिला’ अशी नोंद होते आणि माणूस तोच धडा पुन्हा वाचत बसतो. म्हणून राहिलेला प्रश्न सापडला की त्याच्या आधीच्या प्रश्नांची मिनिटं तपासा. ताळेबंद जुळत नाही म्हणून अडून बसणं हे नेहमीचं कारण. वर्किंग नोट्स (उत्तरामागची आकडेमोड) नीट असतील तर न जुळलेल्या उत्तरालाही टप्प्यांचे गुण मिळतात. कोऱ्या पानाला काहीच मिळत नाही.

सेंटरपर्यंतचा प्रवासही नोंदवा. घोडबंदर रोडवरून निघून माजिवड्याला अडकलेला विद्यार्थी वाचनाच्या १५ मिनिटांत फक्त श्वास जमवतो. सप्टेंबरचा अटेम्प्ट असेल तर पावसाचं आणि सोसायटीतल्या गणपतीच्या दिवसांचंही गणित आधीच मांडावं लागतं.

निकाल लागला की गुण त्याच कागदावर उतरवा. परीक्षेचे पेपर दोन ग्रुपांत असतात; प्रत्येक पेपरला किमान ४० आणि तीन पेपरांच्या ग्रुपला ३०० पैकी १५० लागतात. समजा ५८, ४७ आणि ४१ मिळाले. बेरीज १४६, चार गुणांनी ग्रुप गेला. इथे बरेच जण ४१ च्या पेपरमागे लागतात. पण ५८ च्या पेपरात आणखी दोन गुण असते तर ६० झाले असते आणि निदान त्या पेपरचं एक्झम्प्शन, म्हणजे तो पुन्हा न देण्याची सूट, हाती आलं असतं. येणाऱ्या विषयात गुण कुठे सांडले, हे आधी शोधा.

त्यासाठी उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी मागवा. मुदत ठरावीक असते, म्हणून तारीख आणि शुल्क निकालाच्याच दिवशी पाहून ठेवा. गुणांच्या पडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेली उत्तरं पाहिली जातात, पुनर्मूल्यांकन होत नाही; ‘गुण कमी दिले’ या आशेवर थांबू नका. कॉपी आली की परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटची (आयसीएआय) सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे नमुना उत्तरं, शेजारी ठेवा. ऑडिट आणि लॉच्या पेपरांत एक गोष्ट हमखास दिसते: तरतूद लिहिली, निष्कर्षही लिहिला, पण प्रश्नातल्या घटनेला ती तरतूद लावलीच नाही.

आता प्रत्येक पेपरसाठी जास्तीत जास्त तीन नियम करा, आणि ते कृतीचे असू द्या. ‘वेळ पाळायचा’ हा नियम नव्हे. ‘पंचविसाव्या मिनिटाला पेन उचलायचं, अर्धं पान मोकळं सोडायचं, पुढच्या प्रश्नाला लागायचं’ हा नियम. तो सरावातच मुरतो, म्हणून एमटीपी (मॉक टेस्ट पेपर) परीक्षेच्याच, दुपारी २ ते ५ याच वेळेत सोडवा. आर्टिकलशिप (सीएकडची प्रशिक्षणाची नोकरी) चालू असेल तर रविवार त्यासाठी राखा.

हा कागद परीक्षेचा फॉर्म भरताना समोर हवा. दोन्ही ग्रुप एकत्र दिले की ६०० पैकी ३०० चा हिशोब लागतो, आणि एका ग्रुपची तूट दुसऱ्याने भरून निघते. प्रत्येक पेपरला ४० मात्र हवेतच. कागदावर ‘वेळ’ आणि ‘मांडणी’ जास्त असेल तर दोन्ही ग्रुप भरायला हरकत नाही. ‘विषय येत नव्हता’ हे तीनहून जास्त पेपरांत असेल, तर एकच ग्रुप भरा.