"मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या माणसाला घरातच कसं सांभाळायचं

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या सासूबाई पिशवी भरून दाराशी उभ्या. "गाई यायची वेळ झाली, मला घरी सोडा." गाई चिपळूणकडच्या, साठ वर्षांपूर्वीच्या, आणि आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर. पहिले काही महिने मी आणि नवरा समजावत बसायचो, अहो आई हेच घर तुमचं, हा बघा तुमचा देव्हारा, आणि रोज शेवट रडारडीत. तुमच्याकडे हेच चालू असेल तर सगळ्यात आधी समजावणं बंद करा, खरंच.

सासूबाईंना डिमेन्शिया आहे, म्हणजे स्मृतिभ्रंश. त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर, त्यात नवीन आठवणी साठवणारा मेंदूचा भाग लवकर बिघडतो आणि जुनं बराच काळ शाबूत राहतं. त्यामुळे आपण पटवून दिलेलं पाच मिनिटांत पुसलं जातं पण आपण आवाज चढवला त्याची धास्ती मात्र राहते, आणि पुढचा तासभर ती धास्तीच बोलत असते.

मी आता काय करते सांगते. आधी विचारते, गाई किती होत्या हो? तांबडीचं नाव काय? मग त्या सांगत बसतात, कोणती लाथ मारायची, दूध कोण काढायचं वगैरे. तेवढ्यात चहा. मग "चला सोडते" म्हणून पिशवीसकट खाली बिल्डिंगला दोन फेऱ्या, आणि परत दारात आलो की बऱ्याचदा स्वतःच म्हणतात, "आलं बाई एकदाचं." हे रोज जमतं असं नाही. अंधार पडायच्या आत सगळे दिवे लावायचे, पडदे ओढायचे, कारण सावल्यांनी गोंधळ वाढतो. दुपारची झोप थोडकीच. आणि जास्तच येरझाऱ्या चालू झाल्या तर आधी बघा बाथरूमला जायचंय का, भूक लागलीय का, काही दुखतंय का, त्यांना ते शब्दांत सांगता येत नाही.

ज्यांचं अजून निदान झालेलं नाही त्यांनी "साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देऊ नका. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासा. यातल्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो आणि तो औषधाने सुधारू शकतो, आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं काही नवीन नाही. डिप्रेशनही कधीकधी असंच दिसतं. छोट्या छोट्या स्ट्रोकमुळे होणारा प्रकार असेल तर बीपी आणि शुगर सांभाळणं हाच मोठा उपचार.

आणि हे लक्षात ठेवाच. एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं, भलतंच बरळायला लागल्या किंवा नुसत्या झोपूनच राहिल्या तर आजार वाढला असं समजून घरी बसू नका. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन सुरू केलेली गोळी यातलं काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली तर सरळ हॉस्पिटल.

चोरीचा आळ येणारच, बहुतेक कामवाल्या मावशींवर. "पाटल्या नेल्या हिने." मावशींना आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा. वाद न घालता सोबत शोधायचं, खऱ्या पाटल्या लॉकरमध्ये आणि घरात खोट्या. जेवणात एक गंमत कळली, पांढऱ्या ताटात दहीभात त्यांना नीट दिसतच नव्हता, रंगीत ताटलीत वाढला तर संपवला! आंघोळीला "आवरून घ्या" म्हटलं की गडबड, एकेक सांगायचं, साडी सोडा, बसा, हा तांब्या. रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद, दाराची कडी वर उंचावर पण आपल्याला पटकन निघेल अशी, आणि गळ्यात आपला फोन नंबर लिहिलेलं लॉकेट. बाहेर निघून गेल्या तर थोडा वेळ वाट बघू असं करू नका, लगेच ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, माहिती विचारायला बरी.

पैशांचं काम आधी उरका. लोकांना वाटतं मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, पण माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र चालत नाही. मृत्युपत्र, नॉमिनेशन त्यांना कळतंय तोवरच, वकिलाला विचारून.

राहिले पाहुणे. दोन तास आलेल्यांसमोर ही माणसं इतकी छान बोलतात की "चांगल्या तर आहेत की, तुम्हीच बाऊ करता" हे ऐकायची तयारी ठेवा. आमच्या नणंदबाईंना मी शेवटी म्हटलं, फोनवर सल्ले देऊ नका, चार दिवस राहायलाच या. आल्या. दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचला पिशवी घेऊन नणंदबाईच आईंबरोबर खाली फेऱ्या मारत होत्या, आता दर महिन्याला चार दिवस त्यांचे, मी तेवढ्यात माझ्या आईकडे जाऊन झोपून येते.